अठरा वर्षांचा ‘वडील’

टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, ही म्हण मुलांना वळण लावण्याच्या प्रत्येक प्रसंगीं आमच्याकडे निघते, आणि ती खोटी आहे असें म्हणण्याचें धाडस सहसा कोणी करीत नाहीं. परंतु तींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पाथरवट दगडाला विचारून टाकी चालवीत नाहीं; मुलाला मात्र विचारावें लागतें. ज्या पंथांत हजारों तरुण आपल्या ऐन उमेदीचीं दोन वर्षें पंथाच्या स्वाधीन करितात, त्याच्या व्यवस्थेचें परीक्षण करतांना हा फरक विसरून चालणार नाहीं. अमेरिकेंतील मॉर्मन पंथाच्या तरुण मिशनऱ्यांच्या दिनक्रमाविषयीं आज चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे, तें ह्याच दृष्टीनें.

हा पंथ जोसेफ स्मिथ ह्यानें १८३० सालीं न्यूयॉर्क राज्यांत स्थापिला. त्याचें मुख्य ठाणें आज युटा राज्यांतील सॉल्ट लेक सिटी येथें आहे. ‘मॉर्मन’ हें नांव पंथाच्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ ह्या ग्रंथावरून पडलें. २०१८ पासून पंथाच्या धुरीणांनीं तें टाकून संस्थेचें पूर्ण नांव वापरावें असा आग्रह धरिला आहे; पण जुनें नांव लोकांच्या तोंडीं अजून असल्यामुळें वाचकांच्या सोयीसाठीं आम्ही तेंच ठेवितों. २०२४ च्या अखेरीस पंथाचे सभासद सुमारें १ कोटी ७५ लाख आणि पूर्ण वेळ प्रचार करणारे मिशनरी ७० हजारांहून अधिक होते. ह्या मिशनऱ्यांत बहुसंख्य विशीच्या आंतबाहेरचे. मुलग्यांनीं चोवीस महिने जावयाचें, मुलींनीं अठरा. निघण्याचें किमान वय २०१२ पर्यंत मुलग्यांस १९ व मुलींस २१ होतें. त्या सालीं तें अनुक्रमें १८ व १९ झालें, आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत मुलींसही १८ ची मोकळीक मिळाली. ह्या कामास पगार नाहीं. उलट अमेरिकेंतील मिशनऱ्यानें अगर त्याच्या कुटुंबानें दरमहा ठराविक रक्कम भरावयाची असते; २०२० च्या जुलैंत ती ५०० डॉलर झाली. त्या हिशेबानें दोन वर्षांचे १२ हजार डॉलर होतात. कोणत्या देशास जावयाचें हें जाणाऱ्याच्या हातीं नाहीं. मुख्य ठाण्याहून नेमणुकीचा हुकूम येतो, आणि जें नांव त्यांत असेल तें शिरोधार्य मानून घर सोडावयाचें.

उदाहरणादाखल जपानास नेमलेल्या एखाद्या अमेरिकन मुलाचा दिवस पाहूं. जपानी भाषेचे कांहीं आठवड्यांचे धडे गिरवून तो तेथें पोंचतो. छातीवर काळी पट्टी, तीवर आडनांव आणि त्याच्या आधीं ‘एल्डर’ ही पदवी. एल्डर म्हणजे वडील! अठरा वर्षांच्या पोराला वडील म्हणावें ह्यांत हंसूं येण्यासारखें कांहीं आहे खरें. पण ह्या पदवीबरोबर त्याचें पाळण्यांतलें नांव दोन वर्षें जवळजवळ नाहींसें होतें, हें पाहिलें म्हणजे हंसूं ओसरतें. सकाळीं ६-३० च्या सुमारास उठावयाचें. मग व्यायाम, न्याहारी, धर्मग्रंथांचें वाचन आणि भाषेचा अभ्यास. तें आटोपलें कीं पांढरा सदरा, गळ्यांत टाय आणि सायकल. रात्रीं नऊ-साडेनऊस परत येऊन १०-३० वाजतां दिवे मालवावयाचे. २०१७ पासून ह्या वेळा स्थानिक परिस्थिति पाहून थोड्या पुढेंमागें करण्याची मुभा आहे. पण सांचा तोच. आठवड्यांतून एक दिवस ‘तयारीचा’ असतो. त्या दिवशीं कपडे धुणें, बाजार करणें, केस कापून घेणें, घरीं पत्र लिहिणें हीं कामें उरकून संध्याकाळीं पुन्हा प्रचारास निघावयाचें. चित्रपट नाहीं, प्रणय नाहीं, परवानगीवांचून नेमलेला प्रदेश सोडणें नाहीं.

सर्वांत कठीण नियम सोबत्याचा. मिशनरी कधींही एकटा राहत नाहीं. दुसरा एक मिशनरी दिवसरात्र त्याच्या दृष्टीच्या नाहीं तर निदान हांकेच्या टप्प्यांत असलाच पाहिजे. हा सोबती त्यानें निवडलेला नसतो. साधारणतः दर सहा आठवड्यांनीं बदल्या होतात, तेव्हां कोणास कोठें व कोणाबरोबर राहावयाचें हें वरून ठरतें. एक पहांटे गुणगुणणारा, दुसरा मुका. एक टापटिपीचा, दुसरा ताटली तशीच टाकून उठणारा. दोघांनीं एका लहानशा बिऱ्हाडांत भात शिजवावयाचा, भांडीं घासावयाचीं आणि त्याच दिवशीं परक्याच्या दारीं बंधुप्रेमाचा उपदेश करावयाचा! संसार म्हणजे काय ह्याचें इतकें रोकडें शिक्षण दुसऱ्या कोणत्या शाळेंत मिळत असेल, ह्याची आम्हांस शंका आहे.

दिवसाचा मोठा भाग नकार ऐकण्यांत जातो. जपानी गृहस्थ फटकळपणें हाकलून देत नाहीं. दारावरच्या यंत्रांतूनच अत्यंत मर्यादशीलपणें ‘नको’ म्हणून सांगतो. क्वचित् कोणी आंत घेतलें, तर जोडे दारांत काढून बसल्यावर पुढें हिरव्या चहाचा पेला येतो. पंथाच्या १८३३ सालच्या आहारनियमाप्रमाणें चहा, कॉफी, मद्य व तंबाखू हीं वर्ज्य असून हिरवा चहाही त्यांतच मोडतो. तो न घेतां यजमानाचें मन कसें राखावें, ही कसरत ह्या मुलाला परक्या भाषेंत करावी लागते. घरांत भाजलेल्या जवांचा काढा असला, जपानी लोक त्यास मुगिचा म्हणतात, तर दोघांचीही अडचण सुटते. शिवाय हे तरुण इंग्रजी संभाषणाचे फुकट वर्गही चालवितात. तेथें येणारांपैकीं पुष्कळांस धर्मापेक्षां इंग्रजीची गरज अधिक असते, हें शिकविणारांसही कळत नसेल असें नाहीं.

एवढ्या खटाटोपाचें फळ काय? बाप्तिस्म्यांची मोजदाद हेंच माप धरलें तर जपानांतील आरंभींचा इतिहास निराशेचाच आहे. १९०१ च्या ऑगस्टांत हीबर ग्रँट ह्यांच्या नेतृत्वाखालीं चौघे मॉर्मन योकोहामास उतरले. त्यांतील आल्मा टेलर अवघा १९ वर्षांचा होता. तो १९१० पर्यंत तेथेंच राहिला. ‘बुक ऑफ मॉर्मन’चें त्यानें केलेलें जपानी भाषांतर, इकुता चोको ह्या जपानी साहित्यिकाच्या हातून भाषेचे संस्कार होऊन, १९०९ सालीं छापून निघालें. इतकें होऊनही तेवीस वर्षांत दोनशें माणसेंही पंथांत आलीं नाहींत, आणि १९२४ सालीं मिशन बंद करावें लागलें. तें पुन्हा उघडण्यास १९४८ साल उजाडलें. आमच्या महाराष्ट्रासही ह्या प्रयत्नाचा स्पर्श झालेला आहे. ह्यू फिंडले नांवाचा ह्या पंथाचा प्रचारक १८५२ सालीं मुंबईस आला होता व पुण्यासही त्यानें प्रचार केला होता. परंतु हिंदुस्थानांतील तो पहिला उद्योग चारपांच वर्षांतच आटोपला.

तरीपण दुसरें एक माप आहे, आणि तें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. घर सोडतांना ज्यास आपल्या गांवापलीकडचें जग माहीत नव्हतें, तो तरुण परत येतो तेव्हां त्यास दुसऱ्या लोकांची भाषा बोलतां येते, त्यांचें अन्न गोड लागतें, स्वतःचे कपडे धुण्यांत कमीपणा वाटत नाहीं आणि शंभर नकार पचवून एकशेंएकावें दार ठोठावण्याची संवय लागलेली असते. त्यानें जपान बदलला नसेल. जपाननें मात्र त्यास बदललेलें असतें. टेलरनें ज्या निष्ठेनें परकी भाषा आत्मसात् केली, ती निष्ठा कोणत्याही धर्माच्या माणसानें वाखाणावी अशीच आहे.

हें सर्व मान्य करून आम्ही मूळ प्रश्नाकडे वळतों. मुलाला विचारलें जातें काय? मिशनला जाणें हें पंथांतील समर्थ मुलग्यांचें कर्तव्य मानलें आहे. मुलींस तें ऐच्छिक आहे. कायद्याची सक्ति कोणावरही नाहीं. पण ज्या गांवांत आजा गेला, बाप गेला, थोरला भाऊ गेला, आणि शाळा संपतांच ‘तुझी नेमणूक कधीं?’ असें जो तो विचारतो, तेथें ‘मी जात नाहीं’ हे तीन शब्द उच्चारण्यास किती धैर्य लागेल? त्याहूनही बिकट स्थिति मुदतीपूर्वीं परतणाऱ्याची. कोणी आजारी पडतो, कोणाचें मन खचतें, कोणाची श्रद्धाच डळमळते. असा मुलगा घरीं आला म्हणजे शेजारी कांहीं बोलत नाहींत, आणि तें न बोलणेंच त्यास असह्य होतें. दोन वर्षें पुरीं करणारास सत्कार, दहा महिने मनापासून राबणारास मात्र संशय, हा कोणता न्याय?

येथें एक मोठी विसंगति आहे. हा तरुण जपानी मुलाच्या दारीं जाऊन काय सांगतो? वाडवडिलांचा धर्म आहे एवढ्यावरच थांबूं नको. स्वतः वाच, स्वतः प्रार्थना कर, आणि तुझें अंतःकरण कौल देईल तसें वाग, घरच्यांचा रोष झाला तरी भिऊं नको. हा उपदेश उत्तम आहे. पण जो अधिकार आपण परक्याच्या मुलाला देऊं करतों, तोच आपल्या मुलाला देण्यास मागेंपुढें पाहणें शोभेल काय? उपदेशकाला जें स्वातंत्र्य नाहीं, त्याचा उपदेश त्यानें कोणत्या तोंडानें करावा?

कोणी म्हणेल, शिस्त सैल केली कीं संस्था मोडते. ह्यास पंथाचा स्वतःचा इतिहासच उत्तर देतो. अविवाहित स्त्रियांस रीतसर प्रचारक म्हणून पाठविण्यास १८९८ सालीं आरंभ झाला. पंथ बुडाला नाहीं. कृष्णवर्णी पुरुषांस पौरोहित्याचा अधिकार नाकारणारा अन्यायी नियम १९७८ च्या जूनमध्यें रद्द झाला, पंथ वाढला. २०१८ च्या डिसेंबरांत मुलींस प्रचारकार्यांत विजार घालण्याची परवानगी मिळाली. पूर्वीं नाताळ व मातृदिन असे वर्षांतून दोनदांच घरच्यांशीं बोलतां येत असे. २०१९ च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्यास बोलतां येऊं लागलें. आईचा आवाज ऐकून कोणाची श्रद्धा पातळ झाल्याचें दिसत नाहीं. ज्यांस प्रकृतीमुळें प्रचार झेपत नाहीं, त्यांस गरजूंची सेवा करून तोच मान मिळविण्याचा मार्गही अमेरिकेंत व कानडांत २०१९ पासून अधिक मोकळा केला आहे. हीं पावलें योग्य दिशेचीं आहेत, आणि तीं टाकणारांचें आम्ही अभिनंदन करितों.

आतां एकच पाऊल उरलें आहे, आणि त्यास नियमपुस्तकाची दुरुस्ती पुरेशी नाहीं. न जाणाऱ्या मुलाला व मधूनच परतणाऱ्या मुलाला, जाऊन आलेल्याच्या शेजारींच बसवावें आणि तें व्यासपीठावरून सर्वांदेखत करावें. शाळा सुटतांच निघण्याऐवजीं ज्यास वर्षभर थांबून जग पाहावयाचें असेल, त्यास आईबापांनींच तसें सुचवावें. परदेशीं खचलेल्या मुलाला, ज्याच्या हातीं त्याची बदली अगर बढती नाहीं अशा एखाद्या वडीलधाऱ्या माणसापाशीं मन मोकळें करण्याची सोय असावी. ह्यानें जाणारांची संख्या कदाचित् थोडी घटेल. पण जे जातील ते आपल्या पायांनीं जातील, आणि परक्या दारावर पडणारी त्यांची थाप अधिक निःशंक होईल. पंथाच्या धुरीणांनीं सत्तर हजारांचा आंकडा सांगतांना, त्यांतील किती जणांस ‘नाहीं’ म्हणण्याची खरोखर सोय होती, हा प्रश्न एकदां स्वतःस विचारावा, अशी आमची त्यांस सूचना आहे.