व्हाळाचं तोंड कोणाच्या नावावर?

मालवणजवळच्या देवबागात पावसाच्या पाण्याला तीन वाटा आहेत: पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी आणि पायाखालची वाळू. तारकर्लीपासून खाडी-समुद्राच्या संगमापर्यंत गेलेल्या या चिंचोळ्या पट्टीवर तिसरी वाट सर्वांत महत्त्वाची. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या हिशेबाने १०० चौरस मीटरच्या छपरावरून ३ लाख लिटर पाणी खाली येतं. जुन्या कौलारू घराच्या पागोळ्यांखाली वाळूत ओळीने खळगे पडलेले असतात आणि सर थांबली की अंगण लगेच पायाखाली घट्ट लागतं. ते पाणी कुठे वाहून जात नाही, बावीत म्हणजे विहिरीत येतं.

गोडं पाणी हलकं, खारं जड. त्यामुळे अशा वाळूच्या पट्टीखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगून असतो. भूजलशास्त्रातला ढोबळ हिशेब असा की, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. म्हणजे वरची पातळी १० सेंटिमीटर घटली, तर खालचे ४ मीटर गेले. किनारपट्टीवरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हा हिशेब रंगवून ठेवावा, इतका तो मोलाचा आहे. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून, छपराचं पाणी पाइपाने थेट खाडीत सोडणारा माणूस आपल्याच बावीचं पाणी तोडत असतो.

पर्यटन वाढलं तशी अशी अंगणं वाढली. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. देवबाग-तारकर्लीतली राहती घरं निवासव्यवस्थेत बदलली आणि माणसांच्या हाताला गावातच काम मिळालं. ते हवंच होतं. पण रस्त्याच्या कडेने खाडीकडे जाणारा एखादा पाइप पावसात नीट पाहावा. त्यातून छपराचं पाणी येतं, त्यातच न्हाणीघराचा साबण येतो आणि स्वयंपाकघरातला तेलाचा तवंगही येतो. पूर्वी न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात जायचं आणि तिथेच मुरायचं. आता ते पावसाच्या पाण्यात मिसळून निघतं, आणि नेमकं इथेच कायद्याचं कोडं सुरू होतं.

भारतात निव्वळ पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी वेगळा परवाना नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ नुसार सांडपाणी सोडायला नवं तोंड काढायचं असेल तर कलम २५ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची पूर्वसंमती लागते. मंडळाने चार महिन्यांत संमती दिलीही नाही आणि नाकारलीही नाही, तर ती दिली असं कायदा मानतो. आधी उभारणीची संमती, मग चालवण्याची, अशी ही दोन पायऱ्यांची पद्धत कारखानदारांना आणि मोठ्या हॉटेलवाल्यांना पाठ आहे. गटाराच्या बाबतीत मात्र सगळे ते पावसाचं म्हणून सोडून देतात.

कायदा इतका भोळा नाही. याच अधिनियमातल्या सांडपाण्याच्या व्याख्येत उघड्या गटारांतून वाहणारं मोरीचं पाणीही धरलेलं आहे. प्रवाहाच्या व्याख्येत वाहता किंवा तूर्त कोरडा असलेला ओढाही येतो आणि जमिनीखालचं पाणीही. मे महिन्यात कोरडा पडलेला व्हाळ कायद्याच्या लेखी प्रवाहच आहे. देवबागच्या वाळूखालचं पाणीसुद्धा. ज्या गटारात वर्षभर मोरीचं पाणी वाहतं ते पावसाळी गटार उरत नाही, आणि त्याच्या तोंडाला संमती नको, हा युक्तिवाद टिकणारा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जल अधिनियम हा कायद्याचा पहिला दरवाजा; दुसरा किनारा नियमनाचा. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेने प्रक्रिया न केलेलं सांडपाणी किनारा क्षेत्रात सोडायला बंदी घातली आणि चालू प्रथा दोन वर्षांत बंद करायला सांगितलं. त्याच अधिसूचनेत भरावबंदीला जे अपवाद दिले, त्यांत पावसाळी गटारं टाकण्याचं काम होतं. म्हणजे गटार बांधता येतं, त्यातून मैला सोडता येत नाही. मालवणचा किनारा या अधिसूचनेत अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत नावानिशी होता.

तिसऱ्या दरवाजाकडे फारसं कोणी बघत नाही. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाच्या भोवतालचा गाभा ३ चौरस किलोमीटरहून थोडा अधिक. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यात येणारा पाण्याचा प्रवाह वळवायला, अडवायला किंवा वाढवायला मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना लागतो. इथे घाणीचा उल्लेखच नाही, प्रवाहाचा आहे. मालवण शहरातलं नवं गटार बंदराच्या बाजूला उतरवताना हे कलम शब्दशः वाचलं, तर निव्वळ पावसाच्या पाण्यालाही परवाना लागू शकतो. आपल्या किनाऱ्यावर पावसाळी पाण्याच्या परवान्याच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद प्रदूषणाच्या कायद्यात नसून वन्यजीवांच्या कायद्यात आहे.

अमेरिकेने हा प्रश्न निराळ्या मार्गाने हाताळला. त्यांचा स्वच्छ जल कायदा १९७२ चा. १९८७ च्या दुरुस्तीने नगरपालिकांची पावसाळी गटारं परवान्याखाली आणली, १९९० मध्ये एक लाखावरच्या वस्तीच्या शहरांना आणि १९९९ च्या नियमांनी लहान गावांनाही. तिथे पर्याय आहेत. शहराने स्वतंत्र परवाना घ्यावा, राज्याने काढलेल्या सरसकट परवान्यात नाव नोंदवावं, किंवा शेजारच्या पालिकेबरोबर मिळून जबाबदारी घ्यावी. मुदत पाच वर्षांची. लहान गावांना लोकशिक्षण, लोकांचा सहभाग, चोरट्या जोडण्या शोधून तोडणं, चालू बांधकामांवरची माती अडवणं, बांधून झालेल्या इमारतींच्या पाण्याची सोय आणि पालिकेची स्वतःची स्वच्छ कामगिरी, अशी सहा कामं बंधनकारक. गटाराच्या प्रत्येक तोंडाचा नकाशा ठेवावा लागतो. मला सगळ्यात भावतो तो हा नकाशाच.

मुंबईने जे केलं ते वेगळ्या धाकाने. १९८५ च्या पुरानंतर शहराची पावसाळी गटारं सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाचा विचार झाला, १९९३ मध्ये अहवाल आला, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत तो बराचसा कागदावर राहिला. नंतर गटारांची क्षमता ताशी २५ वरून ५० मिलिमीटरवर नेण्याची कामं आणि उदंचन केंद्रं झाली. सगळा भर पाणी किती लवकर बाहेर जाईल यावर होता. ते काय घेऊन जातं, हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने लावून धरला: १ एप्रिल २०२० पासून, प्रक्रियेविना वाहणाऱ्या दर नाल्यामागे महिन्याला ५ लाख रुपये भरपाई.

देवबागला मुंबईचा धडा उपयोगी नाही, उलटा लागू होतो. इथे पाणी लवकर बाहेर काढणं हेच नुकसान. आणि इथलं मुख्य तोंड पाइपाचं नाहीच. शौचालयाच्या टाकीचं पाणी शोषखड्ड्यातून वाळूत उतरतं. भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर लांब हवा. या पट्टीवर घर, टाकी, आपली बाव आणि शेजाऱ्याची बाव यांच्यात प्रत्येक दिशेला १८ मीटर मोजून बघा. त्यात जुलैमध्ये भूजल वर येतं आणि खड्ड्याचा तळ पाण्यात बुडतो. निचऱ्याच्या तोंडाचं ठिकाण विचारणारा कोणताही अर्ज इथे अपुरा पडेल, कारण तोंड म्हणजे सगळी जमीनच आहे.

वर्षातली वेळही महत्त्वाची. कोरड्या महिन्यांत रस्त्यावर आणि गटारात साचलेला तेल, प्लास्टिक आणि मैला यांचा गाळ मृगाच्या पहिल्या जोरदार सरींत एकदम निघतो. नेमक्या त्याच सुमाराला, १ जूनपासून ६१ दिवस, मासळीच्या विणीसाठी यांत्रिक मासेमारी बंद असते. मच्छीमार घरी बसून, कर्ज सोसून माशांना मोकळीक देतो, आणि आपण त्याच दिवसांत खाडीत वर्षाची घाण सोडतो. पर्यटक तेव्हा नसतात, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पोहण्याच्या आणि जलक्रीडेच्या समुद्रपाण्याला १०० मिलिलिटरमागे १०० मैलाजन्य जिवाणूंची मर्यादा आहे. ती मोजायचीच तर जूनच्या त्या आठवड्यात मोजावी, व्हाळाच्या तोंडाशी. डिसेंबरातला निळा नमुना गावाला काही शिकवत नाही.

माझं मागणं लहान आहे. ५० खोल्यांच्या हॉटेलाला लागते तशी संमती दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या बाईंकडून मागू नये. त्यांना ती झेपणार नाही, आणि कागद रंगवण्यापलीकडे काही घडणारही नाही. त्याऐवजी प्रदूषण नियंत्रण मंडळाने किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींसाठी एकच सरसकट संमती काढावी आणि पंचायतीने गावाच्या वतीने ती घ्यावी. तिच्या अटी मोजक्या असाव्यात: समुद्राकडे व खाडीकडे उघडणाऱ्या प्रत्येक तोंडाची नोंद, मोरीचं पाणी त्यात नाही याची मे महिन्यात तपासणी, नव्या बांधकामात अंगणाचा ठरावीक भाग उघडी वाळू, छपराचं पाणी आधी बावीला, आणि काढलेला गाळ पुन्हा व्हाळाच्या काठावर न टाकणं. मालवण नगरपरिषदेने स्वतःच्या गटारांसाठी वेगळी संमती घ्यावी आणि अभयारण्याकडे उतरणारी तोंडं वन विभागाला दाखवावीत.

पैशाचा प्रश्न नेहमी निघतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग बांधून दिला: निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पुनर्वापर यांना. पन्हळी, गाळणी आणि बावीपर्यंतचा पाइप या दुसऱ्या भागात सरळ बसतात. मोरीच्या पाण्याची वेगळी वाट पहिल्या भागात बसते. ग्रामसभेच्या आराखड्यात ही दोन कामं एकाच घराच्या नावासमोर, शेजारी शेजारी लिहिली गेली पाहिजेत, कारण एक केलं आणि दुसरं राहिलं, तर बावीत उतरेल ते साबणाचंच पाणी.