धुक्यातील नियम

हिवाळ्यात दिल्लीहून इंदूरला विमानाने येण्याचा प्रसंग ज्या वाचकांवर आला असेल, त्यांना आमचा अनुभव नवा वाटणार नाही. गेल्या जानेवारीत धुक्यामुळे आम्ही चार तास विमानतळावर बसून होतो. शेजारच्या गेटवरचे विमान निघून गेले. आमचे जागचे हलेना. ‘त्याला दिसते, मग याला का दिसत नाही?’ असे एक गृहस्थ तावातावाने विचारीत होते. खरे सांगावयाचे तर आमच्याही मनात तोच प्रश्न होता.

उत्तर असे की, दाट धुक्यात कोणालाच पुरेसे दिसत नसते. तेथे वैमानिक यंत्रांच्या आधारे विमान चालवितो. आणि त्यासाठी धावपट्टी, विमान व वैमानिक या तिघांनाही तेवढ्या धुक्याची रीतसर परवानगी असावी लागते. तिघांत एक उणा पडला की विमान थांबते.

हा कडकपणा कशासाठी? आपला तोल सांभाळणारे इंद्रिय कानाच्या आत असते. क्षितिज दिसेनासे झाले की ते फसते; विमान हळूहळू एका अंगावर कलले तरी बसलेल्यास ते सरळच भासते. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत जेम्स डूलिटल यांनी झाकलेल्या कक्षात बसून, केवळ यंत्रे पाहून विमान उडविले, वळविले आणि सुखरूप उतरविले. देहाच्या साक्षीपेक्षा यंत्राची साक्ष भरवशाची, हे त्या दिवशी दिसून आले.

परंतु यंत्रही चुकते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. कप्तानासमोरचे कृत्रिम क्षितिज बिघडले होते. बाहेर काळोख, खाली समुद्र. अन्य यंत्रांवरून विमान सावरता आले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. एक यंत्र दुसऱ्याशी सतत ताडून पाहावे, ही शिकवण किती मोलाची आहे, हे यावरून कळावे.

मग नियमही असाच ताडून पाहावयास नको काय? अमेरिकेत हौशी मंडळींनी स्वतः बांधलेल्या विमानांत नवी, स्वस्त इलेक्ट्रॉनिक कृत्रिम क्षितिजे बसविता येत. कारखान्यात बनलेल्या जुन्या लहान विमानांत मात्र मान्यतेच्या खर्चिक अटींमुळे ती बसविता येत नसत. सुरक्षिततेसाठी केलेला नियमच सुरक्षिततेच्या आड येत होता. २०१६ मध्ये काही विमानांपुरती ही वाट मोकळी झाली.

शाळेत आम्ही हजेरीपट रोज तपासतो. नियमांची वही मात्र वर्षानुवर्षे उघडून पाहत नाही. धुक्यात थांबविणाऱ्या नियमाबद्दल आमची आता तक्रार नाही. तो का आहे हे प्रवाशांना कोणी सांगावे आणि तो अजून योग्य आहे की नाही हे अधिकाऱ्यांनी अधूनमधून पाहावे, एवढीच अपेक्षा आहे.