खेळण्यातले विमान आणि एक छोटा चिमटा

घरातली मुले रिमोटवर उडणारे छोटे विमान जोडत असतील, तर वडीलधाऱ्यांनी त्याच्या तारा जरूर पाहाव्यात. पोटातली सर्वो नावाची चिमुकली मोटर पोलादी तार ओढते-ढकलते, तार शेपटीची पट्टी हलवते आणि विमान वळते. पट्टीवरच्या शिंगाला तीन-चार भोके असतात. तार बाहेरच्या भोकात अडकवली की पट्टी थोडीच हलते, पण जोराने. नवशिक्याला तेच बरे. तार वाकता कामा नये, सांधा ढिला नको. टोकाच्या चिमट्यावर रबरी नळीचा तुकडा चढवावा. कण्याची खीळ निसटली की गाडीचे चाक निखळते. इथे चिमटा उघडला की पोरांची सारी मेहनत जमिनीवर आदळते. म्हणून दर उड्डाणापूर्वी पट्ट्या हलकेच हलवून पाहाव्यात.