जपानातील घरजावई मास्तर

इंग्रजी शिकविण्यास परदेशी गेलेल्या गृहस्थाचा संसार कसा चालतो, हे पाहावयाचे असल्यास आम्ही वाचकांस लॅफ्काडिओ हर्न यांचे घर दाखवू. १८९० साली हे एकाक्ष लेखक जपानातील मात्सुए येथे दरमहा १०० येन वेतनावर शिक्षक झाले. सेत्सु कोइझुमी या विपन्न सामुराई कुळातील कन्येशी त्यांनी संसार मांडला आणि तिच्या वडीलधाऱ्या मंडळींचा योगक्षेमही त्याच वेतनावर चालू लागला. वर्गात मुलांचे इंग्रजी सुधारणारे हे मास्तर घरी मात्र प्रत्यय गाळलेली, क्रियापदे न चालविलेली जपानी बोलत! त्याच भाषेत सेत्सुबाईंनी सांगितलेल्या पिशाचकथा १९०४ च्या ‘क्वाइदान’ ग्रंथात आल्या.

खरा पेच वारशाचा होता. इंग्रज कायद्याने विवाह नोंदविल्यास पत्नी इंग्रज प्रजाजन ठरून जपानातील मिळकतीचे हक्क गमावणार. तेव्हा १८९६ साली हर्नच पत्नीच्या कुळात दाखल होऊन कोइझुमी याकुमो झाले. परकीय अध्यापकांचा मोठा पगार देशी माणसास मिळत नसे, हे ते जाणून होते. आपल्याकडे घरजावयाची थट्टा करणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य पाहावा. १९०३ साली टोकियो विद्यापीठातील त्यांची जागा नात्सुमे सोसेकी यांच्याकडे गेली. पुढल्याच वर्षी ते निवर्तले. मागे सेत्सुबाई, तीन मुलगे व एक कन्या.