अनोळखी सहकाऱ्यांचा समुदाय

बँकेत खाते उघडताना ग्राहकाची ओळख पटवून घेतली जाते. महाजालावर मात्र परस्परांचे नाव, गाव वा चेहरा ठाऊक नसलेली माणसे वर्षानुवर्षे एकत्र काम करताना दिसतात. अशा समुदायात विश्वास कसा निर्माण होतो, हे समजून घेण्यासाठी विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाचे उदाहरण उद्बोधक आहे.

सन २००० मध्ये जिमी वेल्स यांनी लॅरी सँगर यांच्या संपादकत्वाखाली ‘न्यूपीडिया’ सुरू केला. त्यातील प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या सात टप्प्यांच्या तपासणीतून जात असे. त्यामुळे पहिल्या वर्षात मोजकेच लेख पूर्ण झाले. त्यास पूरक म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडियाचा प्रारंभ झाला. येथे कोणीही लिहावे आणि कोणीही सुधारावे, अशी मुभा होती. वर्षभरातच लेखांची संख्या सुमारे २०,००० झाली.

दार असे सताड उघडे असूनही घर टिकले, याचे श्रेय उघड्या नोंदवहीस द्यावे लागेल. कोणता बदल कोणत्या सदस्याने केव्हा केला, हे लेखाच्या ‘इतिहास’ पानावर सर्वांना पाहता येते आणि चुकीचा बदल क्षणात मागे घेता येतो. मतभेदांचा विचार लेखाच्या ‘चर्चा’ पानावर होतो. वारंवार उपद्रव देणाऱ्यास रोखण्याचा अधिकार ‘प्रचालक’ या सदस्यांकडे असतो. तथापि त्यांच्या कृतीचीही नोंद राहतेच. नवागताचा हेतू चांगलाच असेल असे गृहीत धरावे, हा तेथील महत्त्वाचा शिष्टाचार होय.

अर्थात, नोंदवही कोणी वाचलीच नाही तर तिचा उपयोग नाही. २००५ मध्ये जॉन सीगेनथेलर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराविषयीचा खोटा मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला होता. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर नोंदणी न केलेल्यांना नवा लेख सुरू करण्यास बंदी करण्यात आली.

मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी झाली. तेथील सामाईक चर्चेच्या जागेचे नावही ‘चावडी’ असे आहे. इंग्रजीच्या तुलनेत हा समुदाय फारच लहान असल्याने लक्ष ठेवणारे डोळे कमी, आणि म्हणूनच प्रत्येक नियमित सदस्याचे मोल अधिक.

बदलीच्या निमित्ताने देशभर फिरलेले आपले कर्मचारी आणि इंदूर, बडोदे, बंगळूर येथील मराठी ग्राहक आपापल्या परिसराविषयी विश्वसनीय संदर्भांसह लिहू शकतील. केवळ एक पथ्य पाळावे: आपल्या संस्थेविषयीचा लेख स्वतः लिहिणे टाळावे. हितसंबंध दूर ठेवणे हा नियम जसा बँकेत, तसाच चावडीवरही लागू आहे.