भाऊ, भाई आणि भय्या

बंधुभगिनींनो,

सभेचा आरंभ या शब्दाने करण्याची आपली रीत आहे. कामगारांच्या सभेत मी वर्षानुवर्षे ‘भावांनो’ म्हणत आलो. समोरचे रक्ताचे कोणी नसतात, तरी हाक नात्याचीच लागते. हे नात्यांचे शब्द घडले कसे, ते पाहू.

मराठीतील असे पुष्कळ शब्द संस्कृतातून प्राकृताच्या वाटेने झिजत आले. ‘मातृष्वसा’ म्हणजे आईची बहीण, तीच मावशी. ‘भ्रातृजाया’ म्हणजे भावाची बायको, ती भावजय. ‘स्नुषा’ची सून झाली, ‘ननांदृ’ची नणंद झाली.

परंतु अक्का, अण्णा, अप्पा हे दक्षिणेचे देणे होय. कानडी घरांत ते आजही नांदतात. आपली आत्याही कानडी ‘अत्ते’च्या कुळातली. कानडीत अत्ते म्हणजे आत्या आणि सासूही. आपल्याकडेही अनेक घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणते. याचे मूळ विवाहाच्या चालीत आहे. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न होते. तेव्हा वधूची आत्याच तिची सासू होते. उत्तर हिंदुस्थानातील बहुतेक हिंदू समाजांत असा विवाह निषिद्ध. इरावतीबाई कर्वे यांनी आपल्या १९५३ सालच्या आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्र उत्तर व दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात घातला, तो अशाच कारणांनी. आपले घर दोन्हीकडच्या वाशांवर उभे आहे.

आता ‘भ्रातृ’ हा शब्द घ्या. त्याचाच मराठीत भाऊ झाला, गुजरातीत भाई, हिंदीत भाई आणि भय्या. इराणचा ‘बिरादर’ आणि इंग्रजांचा ‘ब्रदर’ हेही त्याचे दूरचे सगोत्र.

कांदिवलीत एका संपाच्या वेळी आमच्यातल्याच एकाने उत्तरेकडच्या सोबत्याला ‘ए भय्या’ म्हणून हिणवले. तो संतापून उठला. त्याच्या मागोमाग आणखी दहाजण उठले. फूट पडण्याची वेळ आली. मी हिणवणाराला विचारले, “तू त्याला काय म्हणालास, ठाऊक आहे का? भाऊ म्हणालास!” सभेत हशा पिकला. तो मात्र हसला नाही. त्याने जाऊन त्या सोबत्याचा हात धरला आणि त्याला आपल्याजवळ बसविले.

शब्द तोच होता; बिघडला होता तो आमचा सूर. नात्याचा शब्द शिवीसारखा वापरला की आधी आपलेच नाते तुटते. उद्या बाजारात, गाडीत कोणाला ‘भय्या’ म्हणाल तेव्हा भावाला हाक मारावी तसे म्हणा. एवढीच विनंती.