वजाबाकीने सुधारणारा आवाज

शाळेच्या कार्यक्रमात माईक लाऊडस्पीकरच्या फार जवळ गेला की कर्कश शिट्टी सुरू होते. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो आणि हे चक्र वाढतच जाते. बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही भाग आत परत येणे यालाच फीडबॅक म्हणतात. शिट्टी वाजते तेव्हा परत आलेला भाग मूळ संदेशात मिळवला जात असतो. तो मिळवण्याऐवजी वजा केला तर?

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला या वजाबाकीची फार गरज होती. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडकडून अ‍ॅनोडकडे इलेक्ट्रॉन जातात. वाटेतील ग्रिड नावाच्या जाळीवरचा विद्युतदाब थोडा बदलला की हा प्रवाह पुष्कळ बदलतो. मात्र तो अगदी प्रमाणात बदलत नाही. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या लहरीचा आकार बिघडतो. या बिघाडाला आपण विकृती म्हणू. शिवाय व्हॉल्व्ह जुना झाला की संदेश पूर्वीइतका मोठा होत नाही.

लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर असे अनेक अ‍ॅम्प्लिफायर एकापुढे एक असत आणि प्रत्येकाची विकृती साठत जाई. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल प्रयोगशाळेतील अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक बोटीने हडसन नदी ओलांडून कामावर जात होते. वाटेत त्यांना ऋण फीडबॅकची कल्पना सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी ती मांडली. तिचे पेटंट त्यांना १९३७ साली मिळाले.

एक उदाहरण घेऊ. अ‍ॅम्प्लिफायर संदेश १००० पट मोठा करतो. बाहेर १० व्होल्ट हवे असतील तर आत ०.०१ व्होल्ट पुरतात. आता बाहेरील दाबाचा ०.००९ इतका अंश, म्हणजे ०.०९ व्होल्ट, आत आणून वजा करू. त्यावर मात करण्यासाठी आपल्याला ०.१० व्होल्ट द्यावे लागतील. म्हणजे एकूण वाढ १००० पटीवरून १०० पटीवर आली. हा तोटाच नाही का? पण व्हॉल्व्ह जुने होऊन १००० ची वाढ ५०० झाली, तर फीडबॅक असताना १०० ची जवळजवळ ९१ च होते. निम्म्याने होणारी घट केवळ ९ टक्क्यांवर येते. तितक्याच बाहेरील दाबाला विकृतीही सुमारे दहा पटींनी कमी होते. आपण वाढ खर्च करून अचूकपणा विकत घेतला.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. फीडबॅक आहे, तेव्हा आतील रचना कशीही चालेल, असे वाटू शकते. स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला बराच मोठा दाब लागतो. तो देणाऱ्या त्याआधीच्या टप्प्याला ड्रायव्हर म्हणतात. फीडबॅकमुळे ड्रायव्हरचे हे काम हलके होत नाही. शेवटच्या व्हॉल्व्हला ४० व्होल्ट लागत असतील, तर ते लागतातच. उलट तो व्हॉल्व्ह जेथे कमी पडतो, तेथे वजाबाकीतील फरक वाढतो आणि ड्रायव्हरला जास्त दाब द्यावा लागतो. म्हणून ड्रायव्हरची क्षमता गरजेपेक्षा अधिक ठेवतात. ती संपली की फीडबॅकचा इलाज संपतो आणि लहरीचा माथा एकदम छाटला जातो.

दुसरी अडचण उशिराची. शेवटच्या ग्रिडला धारिता असते आणि ती ड्रायव्हरच्या रोधातून भरावी लागते. रोध ५० किलोओहम आणि धारिता १०० पिकोफॅरड असेल, तर सुमारे ३२,००० हर्ट्झला संदेश आवर्तनाच्या एक अष्टमांशाने मागे पडतो. रोध १० किलोओहम केला, तर हीच स्थिती १,६०,००० हर्ट्झच्या आसपास येते. अशी एक जोडी संदेशाला जास्तीत जास्त पाव आवर्तन मागे टाकू शकते. पण तीन-चार जोड्या मिळून एखाद्या वारंवारतेला अर्धे आवर्तन मागे टाकतात. तेव्हा वजाबाकीची बेरीज होते! त्या वारंवारतेला परत येणारा संदेश पुरेसा मोठा असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच आंदोलने करू लागतो. माईकची शिट्टी ती हीच. हे केव्हा घडेल हे ठरवणारी गणिती कसोटी हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ साली मांडली.

ही सारी काळजी घेणारा अ‍ॅम्प्लिफायर डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्लंडच्या मासिकात प्रसिद्ध केला. शेवटी दोन केटी-६६ व्हॉल्व्ह, त्यांच्याआधी दोन ट्रायोडचा स्वतंत्र ड्रायव्हर आणि स्पीकरला जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरसह सर्वांभोवती २० डेसिबल, म्हणजे आपल्या उदाहरणाप्रमाणे दहा पट, फीडबॅक. १५ वॅट शक्तीला विकृती ०.१ टक्क्याहून कमी होती. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर मात्र फार काटेकोर बनवावा लागे, कारण त्याचा उशीरही या चक्रातच येतो.

व्हॉल्व्हच्या मंडलात कित्येक शे व्होल्ट दाब असतो. तेव्हा वर्गात त्याच्या वाटेला जाऊ नये. ७४१ ही आयसी, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि १ व १० किलोओहमचे रोधक घेऊन ११ पट वाढ देणारा अ‍ॅम्प्लिफायर जोडता येतो. वाढ मोजा, मग आयसी बदलून पुन्हा मोजा. दोन आयसींची फीडबॅकविना होणारी वाढ एकमेकींपेक्षा कितीतरी वेगळी असू शकते, तरी आपले उत्तर ११ च्या जवळच येईल. असे का, हे विद्यार्थ्यांना वरील आकडेमोडीवरून शोधू द्यावे.